लाल देऊळ: फुटपाथवरून काय काय दाखवता येईल?

कौलारू

नमस्कार मंडळी. पुण्याच्या कॅम्पातल्या जुन्या इमारतींची एक वारसा फेरी आखतो आहे. चाळीसेक माणसं असतील, त्यात शाळेतली मुलंही आहेत. मोलेदिना रस्त्यावरच्या लाल देवळापाशी, म्हणजे ओहेल दावीद या सिनेगॉगपाशी (ज्यूंच्या प्रार्थनास्थळापाशी), वीस मिनिटं थांबायचं आहे. आत जायला आगाऊ परवानगी आणि ओळखपत्र लागतं, आणि एवढ्या मोठ्या गटाने आत शिरणं बरंही दिसत नाही. म्हणून जे सांगायचं ते बाहेर उभं राहूनच.

ठळक गोष्टी हाताशी आहेत. व्यापारी डेव्हिड ससून यांनी बांधवलं, १८६३ मध्ये काम सुरू झालं, १८६७ मध्ये पूर्ण झालं. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सचा. वीट आणि काळा दगड, घड्याळाचा मनोरा, उंची सुमारे ९० फूट.

अडतं ते तीन ठिकाणी. एक, बाहेरून हे हुबेहूब चर्च दिसतं. चर्च नाही हे लोकांना पटवायचं कसं? दोन, "आशियातलं सर्वांत मोठं सिनेगॉग" हे वाक्य म्हणावं की गाळावं? तीन, हा लाल रंग विटेचा की वरून दिलेला, हे मुलं हमखास विचारणार. जाणकारांनी लिहा.

रास्तापेठी

उत्तम धागा. सुरुवात नावापासून करा.

"देऊळ" हा शब्द पुणेकरांनी आपल्या सोयीने दिला. वीट लाल म्हणून लाल देऊळ. बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, पूर्वी आपल्या प्रार्थनास्थळाला "मशीद" म्हणत. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेल्या सिनेगॉगला "जुनी मशीद" हे नाव पडलं, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरून आलं असं सांगितलं जातं. म्हणजे एकाच प्रकारच्या वास्तूला मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ! लोकांना परकी वास्तू आपलीशी करायची असली की ते जवळचा शब्द उचलतात, हे मुलांना लगेच कळेल.

"ओहेल दावीद" म्हणजे दाविदाचा तंबू. आपल्या रास्ता पेठेतलं दुसरं सिनेगॉग "सुक्कथ शेलोमो", १९२१ चं. सुक्का म्हणजे सणाला घालतात तो झावळ्यांचा मांडव, तेव्हा ते शलमोनाचा मांडव. दोन्ही नावांत कापड आणि पाला, आणि दोन्ही इमारती पक्क्या.

भिंगरी

मस्त. वाखूसा (वाचनखूण साठवली).

तिसरा_कोन

विल्किन्सचं नाव नुसतं घेऊन पुढे जाऊ नका, कारण तिथेच दुवा आहे. हा मुंबई इलाख्याच्या लष्करी अभियंत्यांपैकी. पुण्यात ससून रुग्णालयाची जुनी इमारत त्याची, डेक्कन कॉलेजची दगडी इमारतही त्याची. मुंबईतलं जुनं सचिवालय आणि शेजारचं सार्वजनिक बांधकाम खात्याचं कार्यालयही त्याचंच. रुग्णालय आणि सिनेगॉग, दोन्ही पैसा ससूनांचा, आराखडा एकाचा, आणि दोन्हींच्या बाबतीत १८६७ हे साल येतं. तुमची फेरी स्टेशनकडून येत असेल तर आधी रुग्णालयाचा मनोरा दाखवा आणि मग लाल देवळाचा. हात एकच आहे हे डोळ्यांना कळतं.

आता चर्चसारखं का दिसतं? टोकदार कमानी, वर निमुळता होत गेलेला मनोरा, उभ्या लांबट खिडक्या, भिंतीला बाहेरून दिलेले आधारखांब. ही इंग्लंडमधली गॉथिक पुनरुज्जीवनाची भाषा. त्या दशकात मुंबई इलाख्यात सरकारी कचेरी असो, कॉलेज असो की दवाखाना, नवी मोठी इमारत बहुतेक वेळा याच भाषेत उभी राहत होती. आपल्याला ती भाषा चर्चमुळे ओळखीची झाली म्हणून आपण तिला "चर्चसारखी" म्हणतो.

ज्यू वास्तूकलेची अशी एक ठरलेली शैली नाहीच. धर्मशास्त्र आतल्या मांडणीबद्दल बोलतं, बाहेरच्या रूपाबद्दल फार थोडं. म्हणून कोकणातली सिनेगॉगं कोकणातल्या घरांसारखी, भायखळ्याचं मागेन दावीद खांबांच्या दर्शनी ओसरीचं, आणि पुण्याचं गॉथिक.

सरळसोट

तिसरा_कोन, थोडा असहमत. नुसती शैलीच नाही, अख्खा आराखडाच चर्चचा उचललेला वाटतो. लांबट सभागृह, दर्शनी बाजूला मनोरा, दोन्ही अंगांना खिडक्यांच्या रांगा. क्रॉस काढून टाकला की सिनेगॉग. एवढं सरळ आहे.

आलेफ_बेत

सरळसोट, पेटी तशी दिसते हे खरं. पण सिनेगॉग ठरतं ते पेटीत काय कुठे ठेवलं आहे यावरून. जरा सविस्तर लिहितो, कारण कौलारूंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

चर्चमध्ये सगळ्यांच्या नजरा एका टोकाला जातात, जिथे वेदी असते. सिनेगॉगमध्ये दोन केंद्रं असतात. एक भिंतीला, तिथे तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवण्याचं कपाट, ज्याला बगदादी मंडळी (बगदादकडून आलेले ज्यू) हेखाल म्हणतात. दुसरं सभागृहाच्या मधोमध, वाचनाचा कठडेबंद चौथरा, म्हणजे तेबा. गुंडाळी हेखालातून निघते, लोकांमधून तेब्यावर जाते, वाचून झाली की परत जाते. म्हणून मधे चालायला वाट हवी आणि आसनं तेब्याच्या भोवती हवीत. चौथरा मध्यभागी का, याचं कारण बाराव्या शतकात मैमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने लिहून ठेवलं आहे: वाचणाऱ्याचा आवाज सगळ्यांना सारखा ऐकू यावा म्हणून.

बगदादी आणि बेने इस्रायल या दोन्ही परंपरांत गुंडाळी कापडी खोळीत नसते. लाकडाच्या किंवा चांदीने मढवलेल्या उभ्या, गोलसर पेटीत असते. पेटी दोन पाखांसारखी उघडते आणि गुंडाळी उभीच ठेवून वाचतात. युरोपात ती मेजावर आडवी पसरतात. त्यामुळे तेब्यावरचं मेज, कठड्याची उंची, दिव्याची जागा, सगळंच थोडं वेगळं होतं.

बायकांची जागा वरच्या सज्जात. सज्जा आला की दोन पातळ्यांवर उजेड लागतो, जिना लागतो. सार्वजनिक प्रार्थनेला किमान दहा सज्ञान पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. हेखालासमोर अखंड दिवा, नेर तामीद. मूर्ती नाही, माणसाचं चित्र नाही. रंगीत काचा असल्या तरी त्यांत संतांच्या कथा नसतात.

आता दिशा. प्रार्थना यरुशलेमकडे तोंड करून. भारतातून म्हणून हेखाल पश्चिमेच्या भिंतीला. पुण्याहून नेमकी दिशा हवी असेल तर पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब करून ती पश्चिमेपासून साधारण २८ ते २९ अंश उत्तरेकडे येते. मक्केची दिशा पश्चिमेपासून सुमारे ११ अंश उत्तरेकडे. म्हणजे कॅम्पातल्या मशिदीची आणि सिनेगॉगची आदर्श दिशा एक नाही, सतरा-अठरा अंशांचं अंतर आहे. बांधताना मात्र सिनेगॉगला ढोबळ पश्चिम चालते. मुलांच्या हातात होकायंत्र द्या, वीस मिनिटांतली पाच तिथेच सार्थकी लागतील.

सरळसोट

मधोमध असलेल्या तेब्याचा मुद्दा पटला. पण मनोरा? त्याचं धार्मिक कारण काय?

आलेफ_बेत

कारण आहे. गावातल्या घरांपेक्षा प्रार्थनागृह उंच असावं असं तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, म्हटलं आहे. युरोपात कित्येक शतकं ज्यूंना ते करू दिलं जात नव्हतं, चर्चपेक्षा उंच बांधायला मनाई असे. पुण्यात ती अडचण नव्हती. खिडक्यांनाही असाच आधार आहे: बायबलमधला दानीएल आपल्या माडीवरच्या यरुशलेमकडे उघडणाऱ्या खिडक्यांपाशी प्रार्थना करी, त्यावरून प्रार्थनेच्या जागेला खिडक्या हव्यात असा नियम निघाला. म्हणजे मनोरा आणि खिडक्या, ज्यांना आपण चर्चची खूण समजतो, त्या दोन्ही गोष्टी ज्यू परंपरेलाही हव्याच होत्या. विल्किन्सची शैली आणि ससूनांची गरज इथे छान जुळली.

मूठभर_चुना

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. हे उघडं वीटकाम आहे, म्हणजे गिलावा नाही, वीटच बाहेर दिसते. लाल रंग भाजलेल्या मातीतल्या लोहाचा. जोडीला काळा दगड, आपला दख्खनी बेसाल्ट.

दोन्ही एकत्र का? नुसतं शोभेसाठी नव्हे. चांगल्या हातविटेत सुद्धा वजनाच्या पंधरा-वीस टक्के पाणी मुरतं. बेसाल्टमध्ये एक टक्काही मुरत नाही. म्हणून जिथे पाणी साचतं किंवा उडतं, जोतं, खिडकीखालची पट्टी, कोपरे, तिथे दगड शहाणपणाचा. उलट बेसाल्ट कोरायला महाकठीण, छिन्नी बोथट करतो. टोकदार कमानीच्या बारीक कडा विटेत कमी खर्चात निघतात. फुटपाथवरून बघताना "इथे दगड का, इथे वीट का" असं विचारत जा, बहुतेक वेळा उत्तर पावसाकडे बोट दाखवतं.

आता अशा भिंतींचं काय बिघडतं. हे सांगायलाच हवं, कारण पुण्यात शंभर वर्षांवरच्या विटेच्या इमारतींना सगळीकडे एकच आजार आहे: दरजांत, म्हणजे विटांमधल्या सांध्यांत, भरलेलं सिमेंट. जुनं काम चुन्यात आहे. चुना मऊ, सच्छिद्र. भिंतीत गेलेलं पाणी दरजेतून वाफ होऊन निघून जातं. कोणी हौसेने दरजा खरवडून सिमेंट भरलं की ती वाट बंद. मग पाणी विटेतून बाहेर पडतं, सोबत क्षार आणतं, पृष्ठभागाच्या आत त्यांचे खडे बनतात आणि वीट पापुद्रे सोडते. चार-पाच पावसाळ्यांनंतर सिमेंटची दरज जाळीसारखी पुढे उभी आणि वीट आत खोल गेलेली, असं चित्र दिसतं. वरून लाल रंग मारला तर आजार झाकला जातो आणि वाढतो.

लांबून ओळखायचं कसं: चुन्याची दरज पांढुरकी-पिवळसर, कडा मऊ, विटेपेक्षा किंचित आत. सिमेंटची करडी, धारदार, बऱ्याचदा विटेच्या पुढे आलेली पट्टी. ओरखडा काढून बघायचा मोह आवरा. वास्तू कोणाची तरी आहे.

कौलारू

मूठभर_चुना, दुरुस्ती कशी करतात तेही थोडं लिहाल का? गटात दोन-तीन जण जुन्या वाड्यांत राहणारे आहेत.

मूठभर_चुना

जरूर.

सिमेंट काढताना ग्राइंडर नको, तो विटेची कड खातो. बारीक छिन्नी आणि हलकी हातोडी. दरज जेवढी रुंद त्याच्या दुप्पट ते अडीचपट खोल, म्हणजे साधारण २० ते २५ मिलिमीटर, साफ करायची. कुंचल्याने धूळ काढून भिंत आदल्या दिवशी आणि कामाआधी भिजवायची. कोरडी वीट चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि दरज दुसऱ्या दिवशी बोटाने भुगा होऊन येते. कामं फसतात ती सगळ्यात जास्त याच पायरीला.

चुना कळीचा घेऊन पाण्यात विरवायचा. किमान पंधरा दिवस, महिना झाला तर उत्तम. घाई केली तर न विरलेले कण नंतर भिंतीत फुगतात आणि दरजेला फोड येतात. एक भाग चुना, एक भाग सुर्खी (विटेची पूड), एक ते दीड भाग चाळलेली नदीची रेती. सुर्खी नीट भाजलेल्या विटेचीच हवी. कच्ची वीट कुटून घातली तर ती नुसती माती. हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालायची आपल्याकडची पद्धत आहे, प्रमाण बेताचं, गूळ जास्त झाला की मुंग्या आणि बुरशी.

भरताना थर दाबून, एका वेळी दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जाड नाही. मग ओलं गोणपाट लावून सात ते चौदा दिवस ओलसर ठेवायचं. मे महिन्याच्या उन्हात आणि ऐन पावसात हे काम करू नये. पुण्यात दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा खरा हंगाम.

भिंतीवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, आला असेल तर आधी कोरड्या कुंचल्याने झाडायचा. पाण्याने धुतला की तो परत आत जातो. मग मुलतानी माती किंवा कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात कालवून लेप द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, काढायचा. असं दोन-तीनदा. आणि पाणी कुठून येतंय ते न शोधता हे सगळं केलं तर पुढच्या वर्षी तेच.

पागोळी

मूठभर_चुना, प्रतिसाद छापून ठेवला. एक पुरवणी: पिंपळ. मनोऱ्याच्या सांध्यात रोप दिसलं की लोक उपटतात. मूळ आत तुटतं, दुप्पट जोमाने फुटतं आणि उपटताना दगड हलतो तो वेगळाच. बुडापासून कापून, ताज्या कापलेल्या तोंडाला लगेच मूळ मारणारं औषध लावायचं, पूर्ण वाळेपर्यंत वाट पाहायची, मग जेवढं सहज निघेल तेवढं काढून पोकळी पातळ चुन्याने भरायची. आम्ल ओतणं हा उपाय अजिबात नाही, ते चुनाच खातं.

अंतर्वक्र

"आशियातलं सर्वांत मोठं" याबद्दल. ते वाक्य तसंच म्हणू नका, कारण इस्रायल आशियातच आहे. जेरुसलेमचं बेल्झ पंथाचं महासिनेगॉग २००० साली सुरू झालं, ते याच्या कितीतरी पट मोठं. "इस्रायल वगळता आशियातल्या सर्वांत मोठ्या सिनेगॉगांत याची गणना होते" एवढं म्हटलं तर कोणी खोडू शकणार नाही. आणि खरं सांगायचं तर मोठेपणाच्या शर्यतीपेक्षा या वास्तूत सांगण्यासारखं बरंच काही आहे.

रास्तापेठी

+१. मोठेपणाचं वाक्य लोक तिथेच विसरतात. होकायंत्राचं विसरणार नाहीत.

कापूसकोंडा

पैशाची बाजू कोणीच मांडली नाही. डेव्हिड ससून मूळ बगदादचे, जन्म १७९२ चा. तिथल्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून बुशेरमार्गे १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. व्यापार कापसाचा, कापडाचा, आणि चीनशी अफूचा. अफूचा उल्लेख टाळू नका. त्या काळी तो कंपनी सरकारच्या आशीर्वादाने चालणारा व्यापार होता, पण त्याने चीनमध्ये केलेलं नुकसान खरंच आहे. रुग्णालय, ग्रंथालय, सिनेगॉग आणि अफू, हे सगळं एकाच वहीतलं आहे. मोठ्यांच्या गटाला हे स्पष्ट सांगावं.

साल बघा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध, तिथला कापूस बंद, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. लाल देवळाचं काम १८६३ मध्ये सुरू होतं ते याच तेजीत. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. ससूनांची पेढी टिकली, काम १८६७ ला पूर्ण झालं.

अंतर्वक्र

आणि ते पाहायला डेव्हिड ससून नव्हते. नोव्हेंबर १८६४ मध्ये ते पुण्यातच वारले. समाधी सिनेगॉगच्या आवारातच आहे.

आलेफ_बेत

समाधी आवारात असणं हे ज्यू रिवाजात वेगळंच. दफनभूमी एरवी प्रार्थनास्थळापासून दूर असते. कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातल्या पुरुषांना प्रेत किंवा थडगं असलेल्या छपराखाली जाता येत नाही, थडग्याच्या चार हातांच्या आतही नाही. म्हणून समाधीची इमारत सिनेगॉगपासून सुटी असणं गरजेचं ठरतं. आवारात दोन स्वतंत्र छपरं आहेत, ती याच नजरेने बघावीत.

योगायोग असा की "ओहेल" या शब्दाचा तंबू हा अर्थ आहेच, पण थडग्यावर बांधलेल्या छोट्या वास्तूलाही ओहेल म्हणतात. सिनेगॉगचं नाव पहिल्या अर्थाने आहे. ससून घराण्याने पुढे हेच नाव चालवलं: हाँगकाँगला १९०२ मध्ये सुरू झालेलं ओहेल लेआ जेकब ससून यांनी आईच्या नावे, शांघायचं १९२० मधलं ओहेल रेचेल पत्नीच्या नावे. या माळेतला पुण्याचा मणी आधीचा आहे.

दुर्बीण

उंची मुलांकडून मोजून घ्या! मनोऱ्याच्या पायापर्यंत जाता येत नसलं तरी जमतं.

कोनमापकाला मधोमध दोरा आणि त्याला नट बांधून लंबसूत्र करा. मनोऱ्याच्या सरळ रेषेत सपाट जमिनीवर दोन जागा निवडा, मधलं अंतर टेपने २० मीटर. दोन्हीकडून टोकाचा कोन घ्या. समजा जवळून ४०.८ अंश आणि लांबून २७.४ अंश आला. दोन्ही कोनांचे कोटॅन्जंट १.१६ आणि १.९३. फरक ०.७७. वीसला ०.७७ ने भागलं की जवळजवळ २६ मीटर. त्यात डोळ्याची उंची दीड मीटर मिळवा: साडेसत्तावीस मीटर, म्हणजेच ९० फूट.

चूक कुठे होते: लांबचा कोन एका अंशाने जास्त घेतला तर उत्तर सुमारे तीन मीटरने वाढतं. म्हणून प्रत्येक जागी पाच मुलांनी कोन घ्यावा आणि सरासरी काढावी. रस्त्याला उतार असेल तर तोही उत्तरात शिरतो. आणि हे मोजमाप रविवारी सकाळी करा, रहदारीत मागे सरकत जाणं धोक्याचं.

भिंगरी

आणि घड्याळ? ते लंडनहून आणलेलं ना?

दुर्बीण

हो, लंडनहून. त्या काळातली मनोऱ्यावरची घड्याळं वजनावर चालत. दोराला टांगलेली वजनं हळूहळू खाली येतात, लंबक त्यांचा वेग बांधून ठेवतो, आणि साधारण आठवड्यातून एकदा वजनं पुन्हा वर चढवावी लागतात. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतच्या सक्तीच्या विश्रांतीत, किल्ली देणं हे काम ठरतं. त्यामुळे सिनेगॉगातल्या घड्याळाला किल्ली आधीच द्यायची. आपोआप चालत राहिलेलं चालतं.

अशा घड्याळांचे शत्रू दोन. जुनं तेल, जे धुळीबरोबर घट्ट होऊन चाकांना धरतं, आणि काट्यांवर बसणारी कबुतरं. मिनिटकाट्याच्या टोकावर पारवा बसला तर चढत्या अर्ध्या तासात यंत्राला तेवढं वजन उचलावं लागतं.

मायमाऊली

अवांतर होतंय, पण शब्बाथवरून आठवलं. कोकणात बेने इस्रायलांना "शनिवार तेली" म्हणत, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून. आडनावं आपल्यासारखीच गावावरून: दिवेकर, पेणकर, केहिमकर, राजपूरकर. फेरीतल्या लोकांना हे माहीत नसेल तर जरूर सांगा, मग पुढच्या सगळ्या गोष्टी परक्या राहत नाहीत.

आणि मलिदा! एलियाहू हन्नाबींच्या (एलिया संदेष्ट्यांच्या) नावाने करतात. अर्धा किलो पोहे धुऊन निथळून, एक मोठा ओला नारळ खवून, चवीप्रमाणे साखर, वेलचीपूड, बेदाणे, बदाम-पिस्त्याचे काप. चुलीवर काहीच जात नाही. ताटात डोंगर करून वर फळं मांडतात, प्रार्थना होते, मग वाटतात. पोहे धुताना पाणी राहिलं तर साखरेने सगळा लगदा होतो, म्हणून चाळणीत दहा मिनिटं ठेवायचे.

रास्तापेठी

मायमाऊली, हे अवांतर मुळीच नाही. लाल देऊळ बगदादी ससूनांनी बांधलं, त्यांची घरची भाषा अरबी. बेने इस्रायलांची मराठी. बगदादी कुटुंबं पुढे लंडनला आणि इतरत्र गेली. आज तिथे प्रार्थनेला जाणारे बहुतांश मराठी बोलणारे आहेत. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी जोडीने हगादा छापली गेली, वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचतात ती पोथी. त्यातल्या चित्रांत बायका साड्या नेसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. लाल देऊळ उभं राहून सातच वर्षं झाली होती. बाहेरून इंग्लंड, आतून बगदाद, आणि घरात मराठी. या शहराने हे तिन्ही एका चौकात ठेवले याचं मला फार अप्रूप वाटतं.

सरळसोट

कौलारू, मी आधी चर्चचा आराखडा म्हणालो होतो ते मागे घेतो, आणि त्याबदल्यात तुमच्या वीस मिनिटांची मांडणी करून देतो.

पहिली तीन मिनिटं समोरच्या फुटपाथवर, काही न सांगता नुसतं बघायचं आणि "ही कसली इमारत?" विचारायचं. सगळे चर्च म्हणतील, म्हणू द्या. मग होकायंत्र: यरुशलेम कुठे, हेखालाची भिंत कुठे असणार, हे लोकांनीच बोट दाखवून सांगायचं. मग मनोरा आणि खिडक्या, तालमूद आणि दानीएलसह. जमिनीवर खडूने सभागृहाचा चौकोन काढा, मुलांना तेब्याभोवती बसवा, एकाला मधे उभं करून वाचायला लावा. मग त्यालाच एका टोकाला उभं करा. आवाजातला फरक ऐकला की मांडणी समजली. वीट-दगडाला पाच मिनिटं, समाधी आणि ससूनांना शेवटची चार. कोनमापक ही स्वतंत्र फेरी करा, वीस मिनिटांत बसणार नाही.

आलेफ_बेत

सुंदर मांडणी. एकच सांगतो: हेखालाची भिंत दाखवताना "पश्चिम" म्हणा, "मागची भिंत" म्हणू नका. आत बसलेल्या माणसाला ती समोरची असते.

दारापर्यंत जाऊ दिलं तर चौकटीकडे बघा. आत शिरताना उजव्या हाताला, वरच्या तिसऱ्या भागात मेझुझा लावतात. छोट्या नळीत चर्मपत्र, त्यावर तोरातल्या "अनुवाद" नावाच्या पाचव्या ग्रंथातले दोन उतारे हाताने लिहिलेले. बगदादी रीतीत नळी उभी असते, युरोपीय रीतीत तिरकी. चर्चच्या दाराला ती नसते, तेव्हा बाहेरून दिसणारी पक्की खूण म्हणाल तर हीच.

कौलारू

सगळ्यांचे मनापासून आभार. खडूची कल्पना तर नक्कीच. फुटपाथवर खडूने काढायला आधी फाटकावरच्या पोलिसांना विचारावं लागेल ना?

पागोळी

विचाराच. तिथे कायम बंदोबस्त असतो. आदल्या दिवशी जाऊन गटाची संख्या आणि वेळ सांगून ठेवा, पाठीवरच्या पिशव्या बसमध्येच ठेवायला सांगा आणि फाटकाकडे कॅमेरा रोखू नका. शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार टाळा, लोक प्रार्थनेला येत असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फेरी असेल तर त्यांच्या सणांच्या तारखा बघून घ्या, नववर्ष, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण तीन-साडेतीन आठवड्यांत येतात.

खडूऐवजी सुतळी न्या. चार मुलं कोपरे धरून उभी राहतील, पुसायला काही उरणार नाही.